शेवटचा आकडा

चिचटोल्यातल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच दोन गोष्टी पाठ असत. एक स्वतःचं नाव आणि दुसरा सेवकरामचा मोबाईल नंबर.

गावात फोन घरोघरी होते. पण जिथं रिचार्ज स्वस्त तिथं माणसं वळत आणि वर्षाला सिम बदलत. सेवकरामचा नंबर मात्र चौदा वर्षं तोच होता. शिवाय त्याचं किराणा दुकान तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, होतं, आणि गावात रेंज धड मिळायची ती त्या पाळीवरच. त्यामुळे कोणत्याही कागदावर ‘मोबाईल क्रमांक’ असा रकाना आला की चिचटोल्याचा माणूस न अडखळता सेवकरामचा नंबर सांगून मोकळा होई. आधी बँकेचे कागद होते, मग गॅसचे. पुढं अर्जुनी मोरगावच्या लॅबवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवायला सुरुवात केली, आणि गावाचं रक्त, लघवी व थायरॉइड सेवकरामच्या दुकानात येऊन पडू लागलं.

सेवकरामनं यासाठी एक नियम केला होता. रिपोर्ट आला की तो ज्याचा त्याला निरोप धाडायचा. माणूस आला की फोन त्याच्या हातात द्यायचा आणि आपण तलावाकडं तोंड करून उभं राहायचं. कोणाचं काय निघालं हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही. सुशिलाबाईनं पहिली दोन वर्षं विचारून पाहिलं, मग नाद सोडला. आपल्या पोटात गोष्ट राहते, याचा सेवकरामला मनातून अभिमान होता.

निरोप कोणाला धाडायचा हे कळायला रिपोर्ट उघडावा लागे, आणि उघडला की तो वाचला जाई. एवढंच. त्यानंतर दुर्पताबाई शेंगदाणे घ्यायला आली की तो पुडीत गुळाचा एक खडा जास्तीचा टाकी. पैसे घेत नसे. कोणी खारवलेली मिरची मागितली तर कधी म्हणे, “संपली.” कोणाला सुपारी-तंबाखूचा खर्रा देताना हात आखडे.

चैतरामला तो साखर द्यायचा बंद झाला होता.

चैतराम त्याचा लहानपणापासूनचा सोबती, एका गल्लीतला. मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तो दोन किलो साखर मागायला आला. सेवकराम म्हणाला, “साखर नाई.” त्याच्या मागं साखरेचं पोतं तोंड उघडं टाकून बसलं होतं. दुकानात सहा माणसं होती. सहाही जणांनी आधी पोत्याकडं पाहिलं आणि मग चैतरामकडं.

“किती निघाली गा चैतराम?” त्यातल्या एकानं विचारलं. “दोनशे का तीनशे?”

चैतराम तसाच पाळ उतरून गेला. संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर परत आला.

“तुले सांगतले होते का मी, गावाले सांग म्हणून?”

“मी कोनाले सांगतलो? एक शब्द बोललो का?”

“तोंडानं नाई बोलत तू. तराजूच्या काट्यानं बोलते. दुर्पताले गूळ देते, तवा आख्ख्या गावाले समजते का तिचं रक्त कमी आहे. पोरीची सोयरीक चालू असती तं मोडली असती. काऊन करते असा?”

“तुह्या भल्यासाठी केलो. साखर खाऊन मरशीन.”

“मरीन. पन माह्या मनानं मरीन. काट्यानं नोको मारू.”

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. चैतरामचा फोन तोवर बटणांचा होता. त्यानं मोठा फोन घेतला, त्यात आपलं जुनं सिम घातलं आणि लॅबमध्ये जाऊन स्वतःचा नंबर लिहून आला. तसं करणारा गावातला तो पहिला माणूस. गाव म्हणालं, “तिरसट आहे बुवा.” सेवकरामही तेच म्हणाला.

*

डाग उन्हाळ्यात दिसला. उजव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटं. रुपयापेक्षा थोडा मोठा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट आणि किंचित तांबूस. खाजत नव्हता की दुखत नव्हता. सेवकरामनं आठ दिवस खोबरेल लावलं आणि विसरला. पुढं एके दिवशी सुशिलाबाईच्या हातून चहाचं भांडं कलंडलं आणि उकळता चहा त्याच्या हातावर आला. बोटांवर पडला तिथं तो ओरडला. डागावर पडला तिथं काहीच झालं नाही.

“भाजलं नाई का जी तिथं?” सुशिलाबाईनं विचारलं.

“नाई,” सेवकराम म्हणाला, आणि दोघंही त्या जागेकडं बघत राहिले.

असा डाग त्यानं आधी पाहिला होता. वीस वर्षांपूर्वी बसथांब्यावरच्या चुन्नीलालच्या मानेवर. तपासणीला आलेल्या माणसानं चारचौघांत डाग पाहिला आणि चारचौघांतच रोगाचं नाव उच्चारलं. चुन्नीलालनं नेमानं गोळ्या घेतल्या आणि तो पूर्ण बरा झाला. त्याचं चहाचं हॉटेल मात्र बरं झालं नाही. गावानं त्याच्या हातचा चहा सोडला तो सोडलाच. चुन्नीलाल पुढं सौंदडला मुलीकडं राहायला गेला. चहा सोडणाऱ्यांत सेवकरामही होता.

आणि त्याच्या दुकानात निम्मा माल सुटा. पोहे, डाळ, साखर, मीठ, सगळं हातानं काढून, हातानं मोजून, हातानं पुडी बांधून.

त्यानं पूर्ण बाह्यांचे दोन सदरे शिवून घेतले. जूनमध्ये गावात पूर्ण बाह्यांचा तो एकटाच होता.

*

शुक्रवारी तो अर्जुनीला गेला. सरकारी दवाखान्यात ओळखीचे फार, म्हणून खाजगी चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं. काउंटरवर डिंपल नावाची गोंदियाची पोरगी होती. तिनं फॉर्म पुढं सरकवला. फॉर्मला सोळा रकाने होते.

सेवकरामनं आयुष्यात बरेच फॉर्म भरले होते, पण दुसऱ्यांचे. स्वतःचा भरताना त्याला प्रथमच प्रत्येक रकाना वाचावासा वाटला. नाव. वय. गाव. व्यवसाय. व्यवसायापाशी त्याचा पेन थांबला. ‘किराणा’ लिहिणं बरं नव्हे. त्यानं ‘शेती’ लिहिलं. दोन एकर होती, खोटं नव्हतं.

“काकाजी, आधार लाये क्या?” डिंपलनं खड्या आवाजात विचारलं.

“लागते का?”

“रकाना आहे ना.”

“तपासाले लागते का रकान्याले लागते?”

डिंपलनं क्षणभर विचार केला. हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. “रकान्याले,” ती म्हणाली.

“मंग राहू दे.”

बाकावर बसलेली माणसं त्याच्याकडं पाहायला लागली. आधार न देणारा म्हातारा कशासाठी आला असेल, याचा अंदाज प्रत्येक जण आपापल्या परीनं बांधत होता.

“ठीक है. पण मोबाईल नंबर लागतेच. रिपोर्ट त्याच्यावरच येते. तीन-चार दिवस लागतात, नमुना गोंदियाले जाते.”

सेवकरामचा नंबर त्याच्या जिभेवर आला आणि तिथंच थांबला. त्याचा फोन दिवसभर दुकानाच्या फळीवर पडलेला असे. ज्याचा रिपोर्ट येई त्याच्या हातात तो जाई, आणि आपला शोधताना दुसऱ्याचा दिसायला वेळ लागत नसे. कुलूपही नव्हतं. गावाच्या सोयीसाठी त्यानंच काढून टाकलं होतं. त्या फोनवर काही येणं म्हणजे पाळीवर दवंडी पिटणं. मुलगा नागपूरला होता, पण त्याचा फोन सून बघे, आणि सुनेचं माहेर गावातच होतं.

मागं तीन माणसं उभी होती. त्यानं आपलाच नंबर सांगायला सुरुवात केली आणि शेवटी येऊन शेहेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस म्हणाला. कोणातरी परक्याचा असेल. नागपूरचा, नाहीतर पार पुण्याचा. जाईल त्याच्याकडं आणि पुसला जाईल. आपण चार दिवसांनी येऊन तोंडी विचारू. ही युक्ती सुचल्याचं त्याला समाधान वाटलं.

आत डॉक्टरीणबाईंनी कापसाची वात डागावरून फिरवली आणि डोळे मिटून कुठं लागतं ते सांगायला लावलं. मग गरम पाण्याची नळी, मग गार पाण्याची. सेवकरामला दोन्ही सारख्याच लागल्या, म्हणजे लागल्याच नाहीत. बाईंनी कातडीचा नमुना घेतला. “असेल तरी पूर्ण बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की लागण पसरायची भीती राहत नाही,” त्या म्हणाल्या. “कोणाच्या संपर्कात असता?”

“गावाच्या,” सेवकराम म्हणाला.

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. वाटेत तो मनात सत्तेचाळीस घोळवत होता. हा आकडा कुठं तरी ऐकलेला वाटत होता. नवेगावच्या फाट्यापाशी त्याला आठवलं.

चौदा वर्षांपूर्वी सौंदडच्या बाजारात एक सिमवाला छत्री लावून बसला होता. दोन सिम घेतली तर फोनची पिशवी फुकट. दोघा मित्रांनी मिळून दोन घेतली. एकाला शेहेचाळीस आला, दुसऱ्याला सत्तेचाळीस. फुकटच्या पिशवीसाठी चिठ्ठी टाकली होती, ती चैतरामला निघाली.

वर्षभर सेवकरामनं तो नंबर लावला नव्हता, आणि त्याआधीही लावला तो नाव दाबून. आकडे कोण बघतो?

*

शनिवारी सकाळी त्यानं दवाखान्यात फोन केला.

“नंबर बदलायचा आहे.”

“फोनवर नाही बदलता येत, काकाजी,” डिंपल म्हणाली. “स्वतः यावं लागते. कोणीही फोन करून दुसऱ्याचा नंबर बदलेल ना. सेफ्टीसाठी आहे.”

“बरोबर आहे,” सेवकराम म्हणाला. त्याला खरंच ते बरोबर वाटलं.

दवाखाना शनिवारी बारापर्यंत, आणि बस साडेअकराची. रविवारी बंद. सोमवारी सकाळी तो चपला घालत होता, तेव्हा चैतराम पाळ चढून येताना दिसला.

दुकानात दुर्पताबाई होती, आणखी दोघं खर्र्यासाठी थांबले होते. चैतराम फळीपाशी आला. वर्षानंतर तो त्या फळीपाशी उभा होता, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या.

“साखर दे,” चैतराम म्हणाला. “अर्धा किलो.”

सेवकरामनं मागच्या पोत्याकडं पाहिलं. आता साखर दिली तर त्याच्या जिवाला धोका, नाही दिली आणि हा बोलला तर आपल्या दुकानाला. त्यानं फळीखालून बांधलेलं पाकीट काढलं. चार दिवसांपासून तो जमेल तेवढा माल पाकिटातला देत होता.

“ते नोको. सुटी दे. पोत्यातली.”

“हे बी तेच आहे.”

“तेच आहे तं सुटी दे. तुह्या हातानं.”

सेवकरामनं सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढली. त्यानं माप पोत्यात घातलं. चैतराम म्हणाला, “हातानं म्हनलो मी.” मग सेवकरामनं हातानंच साखर काढून काट्यावर टाकली, पुडी बांधली आणि पुढं केली. चैतराम त्या पुडीचा दोरा तिथंच सोडू लागला. दुर्पताबाई एक पाऊल पुढं सरकली. चैतरामनं चिमूटभर साखर घेतली, तोंडात टाकली आणि सगळ्यांकडं बघत सावकाश चघळली.

“चांगली आहे,” तो म्हणाला. “जुन्या दुकानाची गोष्टच और.”

खर्रेवाले दोघं एकमेकांकडं बघत पाळ उतरले. दुर्पताबाई आपले शेंगदाणे घेऊन त्यांच्या मागोमाग निघाली. तिला आता गावात बरंच सांगायचं होतं.

दुकान रिकामं झाल्यावर चैतरामनं खिशातून मोठा फोन काढला, सेवकरामच्या हातात दिला आणि तलावाकडं तोंड करून उभा राहिला.

पडद्यावर रिपोर्ट होता, आणि त्याखाली कोणी तरी, बहुधा डिंपलनं, मराठीत लिहिलं होतं: ‘सेवकरामजी, कुष्ठरोगाची सुरुवात आहे. घाबरू नये. सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत, फुकट मिळतात. लवकर या.’ शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र आणि एक फूल.

सेवकरामनं ते दोनदा वाचलं. फोनवर आणखी काही दिसतं का, कोणाला पुढं धाडलं आहे का, हे बघायचं त्याच्या मनात आलं. त्यानं बघितलं नाही.

“वाचला?” चैतरामनं तलावाकडं बघतच विचारलं.

“वाचलो.”

“आज सकाळीच आला. मले वाटलं माहाच आहे, म्हनून उघडलो. नाव मागून पाहिलो.”

“मी बी तसाच उघडो,” सेवकराम म्हणाला. मग तोही तलावाकडं वळला. तलावात कोणाच्या तरी म्हशी उतरल्या होत्या. “चैतराम, चुन्नीलालचा चहा तू सोडला होता का गा?”

“मी? नाई. मी पीत होतो. उधार होता ना माहा.”

सेवकरामला हसू आलं.

चैतराम वळला. पुडी त्यानं फळीवर ठेवली. “हे घे परत. मले डॉक्टरनं मनाई केली आहे. साडेतीनशे आहे.”

“मले माहीत नाई,” सेवकराम म्हणाला. “मले कायले सांगते?”

“सांगावं वाटलं म्हनून सांगतलो. माह्या मनानं.”

*

दुपारपर्यंत गावात नक्की झालं की चैतरामची साखर पूर्ण उतरली. काट्यानं तसंच सांगितलं होतं. दोघांनी तर त्याला औषध कोणतं ते विचारलं.

सेवकराम दुपारच्या बसनं अर्जुनीला गेला. गोळ्यांचं पहिलं पाकीट कुठून आणि कसं मिळेल, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला आत, दार लावून सांगितलं. बाहेर येताच डिंपलनं फॉर्म काढला. आज तिचा आवाज बाकापर्यंत पोहोचला नाही.

“तुम्हाला नंबर बदलायचा होता ना, काकाजी? सांगा.”

सेवकरामनं फॉर्मवरचा शेवटचा आकडा पाहिला. सात.

“राहू दे तोच.”

“पण हा तुमचाच आहे ना?”

“नाई.”

“मग कोणाचा आहे? कोण लागतात तुमचे?”

सेवकरामनं चष्मा लावला आणि सोळाही रकाने वरपासून खालपर्यंत नीट वाचून काढले.

“असा रकाना नाई याच्यात,” तो म्हणाला, आणि सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून बस पकडायला निघाला.