बाकाच्या पोटातली शांतता

बसा मित्रांनो, पण आधी माझं ऐकून घ्या. मी एक जुना लाकडी बाक आहे. बसायची फळी उचलली की खाली पेटी, आणि पेटीला बाहेरून कडी. सुताराने मला दवाखान्यासाठी घडवलं. रंधा मारून झाल्यावर अंगावरून तळवा फिरवत तो म्हणाला होता, "रेशीम आहे, रेशीम!" तेवढंच काय ते माझं कौतुक.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. समोर पाटी होती, 'शांतता राखा'. लोक ती इतकी राखत की विचारू नका! मध्ये वीतभर जागा सोडून बसत. कोणी खोकलं की पिशवी मांडीवर ओढून घेत. एकदा एक म्हातारे गृहस्थ भिंतीला डोकं टेकून बसले. सगळ्यांना वाटलं, डुलकी लागली असेल. शेवटी झाडणाऱ्या बाईंचा झाडू त्यांच्या पायाला लागला, तेव्हा कळलं की त्यांची शुद्धच हरपली आहे. मला त्यातही काही वावगं वाटलं नाही. गप्प बसतात तीच माणसं सभ्य, असं मी धरून चाललो होतो.

पुढे तिथे लोखंडी खुर्च्या आल्या. मी जिन्याखाली धूळ खात पडलो आणि तिथून एका घरात आलो. पहिल्याच दिवशी मला संशय आला. ही माणसं एवढी का बोलतात? जो फार बोलतो तो काहीतरी लपवतो! आई स्वयंपाकघरातून बोलायची, काका तोंडाला साबण लावून न्हाणीघरातून उत्तर द्यायचा, आणि आजोबा मध्येच तिसरा विषय घुसवायचे.

"भाऊजी, जेवलात का?"

"आत्ताच विचारलंत की, वहिनी!"

"तेव्हा नाही म्हणालात, म्हणून परत विचारतेय."

एवढी उलटतपासणी तर चोराचीही होत नसेल! आजोबा नातीला गोष्ट सांगत, तेव्हा तर माझी शंका आणखी बळावे. ठकू अडीच वर्षांची. दर वाक्याला तिने "मग?" म्हणायचं, तरच गोष्ट पुढे जायची. ही नक्कीच काहीतरी खुणेची भाषा आहे, असं मला वाटे.

एका दुपारी आजोबा माझ्याकडे पाठ करून मटार सोलत गोष्ट सांगत होते. ऐकता ऐकता ठकूने माझी फळी उचलली आणि ती आतल्या गोधड्यांवर उतरली. फळी पडली, कडी अडकली. नेमका तेव्हाच आईने मिक्सर लावला होता. कोणालाच आवाज गेला नाही.

"अस्वल झाडावर चढलं," आजोबा म्हणाले.

ठकूचं "मग?" आलंच नाही.

"अगं, चढलं म्हणतो मी!"

मिक्सर थांबला. "बाबा, ठकू गप्प का झाली?"

आजोबांनी मागे वळून पाहिलं. "तुझ्याकडे आली ना?"

"नाही हो! भाऊजी, तुमच्याकडे आहे का?"

माझ्या पोटात लेकराचा जीव घुसमटत होता आणि मला बोलता येत नव्हतं. काका ओल्या केसांनी धावत आला. "थांबा! कोणी बोलू नका!"

घर पहिल्यांदाच गप्प झालं. ही शांतता मी कधी ऐकली नव्हती. तिघेही कानांनी तिला शोधत होते. आतून बारीक नखं माझ्या लाकडावर घासली. आई झेपावली, तिने कडी काढली. घामाने भिजलेली, लालबुंद ठकू आधी नुसतीच आ वासून राहिली, आणि मग तिने असं भोकाड पसरलं की आजोबा मटारच्या ढिगातच मटकन बसले.

"तुम्ही काय करत होतात, बाबा?"

"आणि तुला मिक्सर आत्ताच लावायचा होता?"

"भांडा नंतर! आधी पक्कड द्या मला," काका म्हणाला, आणि त्याने माझी कडी उपटून काढली.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी पेटी असेल तर तिची कडी आजच काढायला सांगा. माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही, पण आता तो घर गप्प झालं की जागा होतो. तुम्हाला कोणी दहादा हाक मारली तर वैतागू नका. खेळात असा, रागात असा, 'ओ' द्या. तुमची 'ओ' आली नाही, तर हातातलं काम टाकून धावत येणारं कोणीतरी घरात आहे.