एर्मेलिंदा मागून येणार आहे

“हे काय, एकटेच? आणि बाई कुठायत?”

पेन्सिओने ओंदीना या समुद्रकाठच्या घरगुती लॉजची मालकीण इओले पिठाचे हात एप्रनला पुशीत पायऱ्या उतरून आली आणि नेव्हिओ बेर्तोलीच्या दोन्ही गालांचे मुके तिने इतक्या घाईने घेतले, की उत्तरासाठी उघडलेले त्याचे तोंड तसेच उघडे राहिले. मान्तोवाहून निघाल्यापासून, बोलोन्याला गाडी बदलतानासुद्धा, तो मनाशी एकच वाक्य घोळवीत आला होता: ‘इओले, एर्मेलिंदा जानेवारीत गेली.’ वाक्य साधे होते. ते उच्चारायला एका श्वासाची उसंत हवी होती, आणि ऑगस्ट महिन्यात इओलेपाशी तेवढीही उसंत नसते.

“थांबा, सांगू नका. वारेझेची बहीण! दर वर्षी ऐन हंगामात तिचं काहीतरी दुखतंच. या खेपेला काय, गुडघा?”

“गुडघा,” नेव्हिओ म्हणाला.

“मग येतील की मागून.”

“हो. येईल मागून.”

इओलेने त्याच्या हातातली बॅग ओढून घेतली आणि जिना चढता चढताच नवऱ्याला हाक घातली, “वेलेरिओ! बेर्तोली आलेत! लिंदा मागून येतेय. तिसऱ्या-शिंपल्या आत्ताच आणून नासवू नकोस, ती आल्यावर आण!”

याला खोटे बोलणे म्हणावे काय? घाईने निवाडा करणारा म्हणेल, अवश्य म्हणावे. परंतु खोटे बोलणाऱ्याला काहीतरी मिळवायचे असते, निदान काहीतरी टाळायचे असते. नेव्हिओला त्या क्षणी यांपैकी काहीच सुचले नव्हते. एका बाईने प्रश्न विचारला, तिनेच उत्तर दिले, आणि त्याने केवळ सभ्यपणाने त्या उत्तराला मान डोलावली. शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचे आयुष्य गेले होते. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलावे लागे तेव्हाही तो ‘आलो’ यापलीकडे फारसे बोलत नसे. संसारात दोघांच्या वाटचे बोलणे एर्मेलिंदाच बोलत आली होती. तेव्हा पहिल्या दिवसाचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. दोष असलाच, तर तो दुसऱ्या दिवसाचा होता. दुसऱ्या दिवशी उसंत होती, आणि तरीही तो बोलला नाही.

त्याचे कारण असे, की आदल्या रात्री जेवणघरात खिडकीजवळचे त्याचे टेबल दोघांसाठी मांडलेले होते. दोन ताटल्या, दोन रुमाल, आणि बुडबुडे नसलेल्या पाण्याची बाटली, जी एर्मेलिंदाखेरीज तिथे कोणी मागत नसे. मान्तोवाच्या घरात तो उभ्याउभ्या, ओट्याशी जेवत असे. इथे तो बसला. समोरची ताटली रिकामी होती. पण रिकामी ताटली आणि नसलेली ताटली या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे ज्याने दोन्ही पाहिल्या आहेत त्यालाच समजेल.

सकाळी किनाऱ्यावर त्याची छत्री जिथे असायची तिथेच रोवलेली होती. आमच्या या किनाऱ्यावर लोक घरे बदलतात, पक्ष बदलतात, पण छत्रीची जागा बदलत नाहीत. कोणाची छत्री कोणत्या रांगेत, कोणाच्या शेजारी, हे बापाकडून मुलाकडे जाते. रिमिनीच्या वरच्या अंगाचे हे गाव मुळी लेकुरवाळ्यांचेच. पाणी दूरवर गुडघाभर, वाळू पिठासारखी, आणि दिवसभर भोंग्यावरून एकच पुकारा: लाल टोपीचे, रडणारे एक मूल अमक्या ठिकाणी सापडले आहे, आईवडिलांनी घेऊन जावे. बेर्तोली दांपत्याला मूल नव्हते. त्यांनी डोंगरात जावे, तळ्यावर जावे, असे पुष्कळांनी सुचवून पाहिले होते. एर्मेलिंदा म्हणे, “शांतता घरी आहे की भरपूर.” छत्रीखाली बसून ती रांगेतल्या प्रत्येक मुलाचे नाव, खोड्या आणि पडलेले दात ध्यानात ठेवी, आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या वाढीचा हिशेब त्यांच्या आयांना ऐकवी.

शेजारची छत्री तोरिनोच्या अत्तिलिओची. हा धंद्याने न्हावी, आता निवृत्त, पण जीभ अजून कात्रीसारखी चालू.

“काय नेव्हिओ, शेवटी पळाली ना ती? मी म्हणतच होतो, हिला एवढी वर्षं कशी लागली?”

“अहो, गप्प बसा,” त्याची बायको फेर्नांदा लोकर विणता विणता म्हणाली. “बहिणीचा गुडघा धरलाय. इओलेनं सांगितलं मला. नेव्हिओ, तिला म्हणावं, माझा जॅकेटचा नमुना गेल्या वर्षी घेऊन गेलीयस तो आण. द्यायचं नाव नाही, नुसती गोड बोलते.”

“सांगतो,” नेव्हिओ म्हणाला.

“आणि हेही सांगा,” अत्तिलिओ म्हणाला, “की तिच्याशी भांडल्याशिवाय मला अन्न पचत नाही. फेर्नांदा भांडते, पण तिच्यात काही कला नाही.”

फेर्नांदाने विणकामाची सुई त्याच्या पोटाला टोचली. मागच्या रांगेतली एक मुलगी, पुढचे दोन दात नसलेली, येऊन उभी राहिली आणि तिने विचारले, “लिंदामावशी कधी येणार? मला तिला दात दाखवायचेत.”

“नसलेले दात दाखवणार होय ग?” अत्तिलिओ म्हणाला.

“लवकरच,” नेव्हिओने तिला सांगितले, आणि सांगताना आपला आवाज स्वाभाविक आला याचे त्याला आश्चर्य वाटले.

मान्तोवात जानेवारीपासून सगळे त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत होते. खाटीक न विचारता मांसाचा लहान तुकडा कापून देई. जिन्यात भेटणारे लोक एर्मेलिंदाचे नाव टाळीत, जणू ते नाव त्याला पोळेल. आणि इथे? इथे लोक तिच्यावर चिडत होते, तिच्या चुगल्या करीत होते, तिने लांबवलेल्या वस्तू परत मागत होते. इथे ती अजून यायची होती. ज्याने कोणाची वाट पाहिली आहे त्याला ठाऊक आहे की वाट पाहणे हाही सहवासाचाच एक प्रकार आहे. नेव्हिओ या सहवासात रमून गेला. संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर तो तिच्या चालीने, म्हणजे सावकाश, प्रत्येक दुकानाच्या काचेपाशी थांबत, फिरू लागला. एकदा तर आइस्क्रीमवाल्याने “बाईंचं लिंबाचं?” असे विचारल्यावर तो “ती आल्यावर” असे म्हणाला, आणि परत येताना त्याला वाटले, खरेच, आल्यावर घेऊ.

पण कोणतेही सुख दुसऱ्याच्या विश्वासावर उभे असले की त्याचे भाडे कधीतरी चुकवावे लागते. मारियामातेच्या ऑगस्टमधल्या सणाला तीन दिवस उरले असताना, रात्रीचे जेवण आटोपल्यावर इओले त्याच्या टेबलाशी येऊन टेकली.

“सांगणार नव्हते, पण तुमच्यासारख्या मुखदुर्बळ माणसाला आधी सांगितलेलं बरं. सणाच्या आदल्या रात्री जुन्या पाहुण्यांचा मान करायचाय. या वर्षी तुमचा नि लिंदाचा नंबर. फाएन्झाहून चिनी मातीची थाळी रंगवून घेतलीय, दोघांची नावं घालून. सगळ्या जेवणघरासमोर देणार. तेव्हा गुडघा राहू दे बाजूला. म्हणावं, त्या रात्रीपुरती तरी ये.”

“तिला... जमेलसं वाटत नाही.”

“तुम्ही नीट सांगतच नसणार. द्या बहिणीचा नंबर, मी बोलते. अशी झापते की ती बहीणच हिला गाडीत बसवून देईल.”

“नको,” नेव्हिओ म्हणाला. “मीच बोलतो.”

त्या रात्री त्याने बॅग भरली. पहाटेच्या गाडीने निघून जावे, मान्तोवाहून पत्र टाकावे, हा मार्ग सोपा होता, आणि खाली उतरण्याच्या बेताने त्याने दाराची कडीही काढली. पण आपण पळालो की इओले कुठूनतरी नंबर मिळवणार, पहिला फोन वारेझेला जाणार, बहीण खरे सांगणार, आणि मग या गावात एर्मेलिंदाचे नाव पुढे नेहमी एका लबाडीच्या शेपटीला बांधून घेतले जाणार, हे त्याच्या ध्यानात आले. तिच्या मरणाची गोष्ट फजितीची गोष्ट होणार. स्वतःच्या फजितीचे त्याला फारसे वाटले नाही. तिच्या फजितीचे वाटले. त्याने बॅग पुन्हा रिकामी केली.

दुसऱ्या दुपारी, सगळे गाव खिडक्या लावून निजलेले असताना, तो स्वयंपाकघरात गेला. इओले एकटीच होती. सणासाठी कापेल्लेत्ती वळीत होती. पिठाच्या चकतीत सारण भरायचे, दुमडायची, आणि टोके बोटाभोवती जुळवून टोपी करायची. याच वेळी, याच टेबलाशी, दर वर्षी एर्मेलिंदा तिच्याबरोबर बसत असे. नेव्हिओ वर झोपलेला असे. खालून दोघींच्या वादाचा आवाज तेवढा त्याला ऐकू येई.

“बसा. लिंदाला फोन झाला?”

“इओले, एर्मेलिंदा जानेवारीत गेली.”

तिने बोटावरची टोपी पुरी वळली, परातीत ठेवली.

“कुठे गेली?”

तो तसाच उभा होता. मग तिला समजले.

“जानेवारीत,” ती म्हणाली. “आणि आता काय चाललंय?”

“ऑगस्ट.”

“ऑगस्ट चाललाय हे मला कळतं!” तिने हात टेबलावर आपटले, पीठ उडाले. “रोज दोन वेळा मी तिची ताटली मांडतेय. मूर्खासारखी! पाणी भरतेय! आणि तू समोर बसून नुसता बघत होतास?” इतक्या वर्षांत ती त्याला प्रथमच एकेरीत बोलत होती.

“मला ती मांडलेली आवडत होती.”

“तुला आवडत होती. बरं. आणि माझं काय? मला रडायला नको होतं? तुझी एकट्याची होती काय रे ती? माझी आई गेली त्या वर्षी इथं बसून तिनं एक शब्द न बोलता अख्खी परात वळून दिली होती. मान्तोवाच्या पद्धतीनं, सगळी वाकडी! मी ती तशीच वाढली पाहुण्यांना. तुला माहीत तरी आहे का हे?”

नेव्हिओला माहीत नव्हते. एर्मेलिंदा आपल्याला सोडून गेली, हे त्याने अनेकदा मनाशी म्हटले होते. ती आणखी कोणाला सोडून गेली असेल, हा विचार त्याला शिवलाही नव्हता. दुःख ही आपली खासगी मालमत्ता आहे असे त्याने धरले होते, आणि ज्या बाईकडून त्याने जवळजवळ दोन आठवडे सोबत घेतली तिला तिचा वाटा मागण्याची संधीसुद्धा दिली नव्हती.

इओलेने एप्रनने तोंड पुसले. पीठ गालावर लागले ते तसेच राहिले.

“पोचवायला कोण होतं?”

“मी. तिची बहीण. खालच्या मजल्यावरचे दोघं. धुकं फार होतं.”

“मला एक फोन करायचास. मी आले असते. हिवाळ्यात काय असतं इथं? काही नसतं.” तिने पिठाची पुढची चकती हातात घेतली. “थाळी मी देणार. नावं दोन्ही राहतील. पण सांगायचं तू. सगळ्यांसमोर. त्या गुडघ्याचा शब्द आता माझ्या तोंडून निघायचा नाही.”

सणाच्या आदल्या रात्री जेवणघर भरून गेले होते. मुले टेबलांखालून रांगत होती, कागदी कंदील वाऱ्याने हेलकावत होते. इओलेने पेल्यावर चमचा वाजवला आणि एरवी ज्या उत्साहाने ती बोलते त्यातला कणही न दाखवता म्हणाली, “बेर्तोली, मान्तोवा.”

नेव्हिओ उठला. काळा कोट घालून तो टेबलांमधून पुढे गेला.

“अरे, नवरी कुठाय?” अत्तिलिओ ओरडला. “नवरीशिवाय थाळी द्यायची नाही!”

लोक हसले. इओलेने थाळी नेव्हिओच्या हातात दिली आणि बाजूला सरली. तो लोकांकडे वळला.

“ती येणार नाहीये,” तो म्हणाला. आवाज लहान होता; मागच्या टेबलांवर कोणीतरी मुलांना गप्प केले. “एर्मेलिंदा जानेवारीत वारली. मी आल्या दिवशीच सांगायला हवं होतं. इथं सगळे तिची वाट बघत होते, म्हणून मी...” वाक्याचा शेवट त्याला सापडला नाही. “माफ करा.”

फेर्नांदाने तोंडावर हात धरला. अत्तिलिओ पांढराफटक पडला होता. तो खुर्ची मागे सारून उभा राहिला आणि त्याने टाळी वाजवली, मग दुसरी.

शवपेटी चर्चच्या दारातून बाहेर येते तेव्हा आमच्याकडे जमलेले लोक टाळ्या वाजवतात. गेलेल्या माणसाला निरोप देण्याची ती रीत आहे. मान्तोवात त्या सकाळी माणसे मोजकी होती, हात खिशांत होते, आणि पहिली टाळी कोणी वाजवली नव्हती. इथे अत्तिलिओपाठोपाठ फेर्नांदा उठली, मग पलीकडचे टेबल, मग सगळे जेवणघर. आयांनी कडेवर मुले घेऊन टाळ्या वाजवल्या. मुलांना वाटले, सणच सुरू झाला, आणि त्यांनी सर्वांहून जोरात वाजवल्या. वेलेरिओ भटारखान्यातून टोपी काढून बाहेर आला.

नेव्हिओ थाळी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता. पुष्कळ वेळाने आवाज विरला, एकेक खुर्ची सरकली, लोक खाली बसले. तेव्हा त्याने ती थाळी जवळच्या टेबलावर जपून ठेवली, ती घसरत नाही ना याची बोटाने खात्री केली, आणि एकट्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सावकाश, सारख्या अंतराने. कोणी त्याला साथ दिली नाही, कोणी थांबवलेही नाही. इओले वाफाळते भांडे घेऊन भटारखान्याच्या दारापाशी आली होती. त्याचे होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.