साइमीच्या खांद्यावरचा निळा डाग

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी फिनलंडहून आलेल्या लोकांची एक वस्ती आहे, तिथे साइमीच्या घरातल्या कपाटात मी उभी असते. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. कारखान्यात तो बसवला तेव्हा कारागिरांनी माझ्यावरून हात फिरवून मला नावाजलं होतं. माझं काडतूस मात्र हरणासाठी नव्हतं. ते अस्वलासारख्या धिप्पाड जनावरांसाठी होतं, बोटाएवढं लांब आणि जाड.

मला वाइनोनं विकत घेतलं. तो खाणकामगार, दाराएवढ्या रुंद छातीचा. गोळी सुटताना खांद्याला बसणारा माझा धक्का तो हसत सोसायचा. दरवर्षी पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडायचा, आणि एका हरणाच्या मांसावर नवराबायकोचा हिवाळा निघायचा. शेजारी माझं कौतुक करत, आणि मला त्याचा गर्व होता.

पुढे खाणीतल्या धुळीनं वाइनोची छाती पोखरली. तो गेला.

त्याची बायको साइमी साठीला टेकलेली, अंगानं किरकोळ. यंदाचं हरीण आपणच मारायचं असं तिनं ठरवलं आणि मला घेऊन ती आर्विडच्या दुकानात काडतुसं आणायला गेली. आर्विडनं आधी मला पाहिलं, मग तिच्या खांद्याकडे.

"साइमीताई, ही नको. ही हलकी घ्या. हिचं काडतूस लहान, धक्का निम्म्याहून कमी. शंभर पावलांवर हरणाला भरपूर होतं. नेम नीट बसला की झालं."

वाइनोचा धाकटा भाऊ उर्हो शेजारीच उभा होता. "हरणाला गुदगुल्या करायच्यात का, आर्विड? वहिनी, दादाची रायफल घरात असताना हे खेळणं न्यायचं? लोक हसतील."

साइमीनं हलकी रायफल बाजूला सारली. तिनं माझीच काडतुसं घेतली.

घरामागे नेमासाठी लावलेल्या फळीवर तिनं पहिली गोळी झाडली. मी नेहमीसारखी मागे उसळले. माझ्यावर बसवलेल्या दुर्बिणीची कड तिच्या भुवईवर आपटली, रक्त आलं. दुसऱ्या दिवशी खांद्यावर बशीएवढा निळा डाग होता. तो तिनं कोणालाच दाखवला नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते फक्त मला कळत होतं. चाप ओढण्याआधीच तिचा खांदा दगडासारखा व्हायचा आणि डोळे गच्च मिटायचे. गोळी फळीखालच्या मातीत जायची.

"होईल सवय," उर्हो म्हणायचा.

सवय होतच होती, पण ती भीतीची. हंगाम जवळ आला तसं मला माझं स्वतःचं वजन नकोसं वाटू लागलं.

हंगामाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सीडरच्या झाडांपाशी एक नर हरीण येऊन उभं राहिलं. साठच पावलं अंतर. साइमीचा खांदा दगड झाला, डोळे मिटले, मी कडाडले. गोळी त्याच्या पोटात मागच्या बाजूला लागली. ते पडलं नाही, पळालं.

जखमी जनावर सोडून घरी जायचं नाही, ही तिथली रीत. आवाज ऐकून उर्हो आला. बर्फावरच्या रक्ताच्या थेंबांमागून दोघं सरोवराच्या एका खाडीपाशी पोचली. पाणी नुकतंच गोठलं होतं. हरीण दूर मध्यावर बसलं होतं आणि पुढच्या पायांवर उठायला धडपडत होतं. मध्ये उंच लव्हाळं असल्यामुळे काठावरून नेम धरता येईना.

"मी जाऊन संपवतो," उर्हो म्हणाला.

"भाऊजी, थांबा. तिथला बर्फ काळा दिसतोय, पातळ असेल."

"आणि त्याला असंच तडफडू द्यायचं? तुम्ही केलंय ते निस्तरायला नको?"

तो वीस पावलं गेला. जाड कापड फाटावं तसा आवाज झाला आणि उर्हो छातीपर्यंत पाण्यात गेला. त्याची माझ्यासारखीच जड रायफल तळाला गेली. साइमीनं आधी माझ्यातली काडतुसं काढून फेकली. मग ती पोटावर सरपटत गेली आणि माझी नळी धरून तिनं दस्ता त्याच्यापुढे केला. दोनदा त्याची पकड निसटली. तिसऱ्यांदा टिकली.

उर्हो वाचला. डाव्या पायाची गारठून मेलेली तीन बोटं मात्र डॉक्टरांनी कापली. हरीण दुपारी शांत झालं. तिथवर कोणाला जाता येईना. दोन दिवस कावळे त्याच्यावर उतरत होते आणि साइमी काठावर उभी राहून बघत होती.

पुढच्या वर्षी तिनं आर्विडकडची हलकी रायफल घेतली. तिच्या एकाच गोळीत हरीण जागेवर पडलं, कारण डोळे उघडे होते. मांस कापायला उर्हो लंगडत आला. बराच वेळ सुरी चालवून तो म्हणाला, "वहिनी, तुमची ती हलकी रायफल मला एक दिवस द्याल?"

"कशाला? गुदगुल्या करायला?"

तो हसला नाही. "माझाही खांदा दुखतो. पहिल्यापासून. दादा काय म्हणेल म्हणून बोललो नाही. तीस वर्षं मी डोळे मिटूनच चाप ओढतोय. किती हरणं जखमी होऊन कुठे कुठे मेली असतील, मलाच माहीत नाही."

साइमीनं हात पुसले, आत जाऊन हलकी रायफल आणली आणि त्याच्या हातात दिली.

तेव्हापासून मी कपाटात आहे. नळीवर गंज चढलाय. त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, गेल्या आठवड्यात उर्होचा जावई मला खांद्याला लावून आरशात स्वतःला न्याहाळत होता. परवा हंगाम उघडतोय. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. मला उचलणाऱ्याला एवढंच विचारा, धक्का किती लागतो. आणि तो "मुळीच नाही" म्हणाला, तर मला परत कपाटात ठेवा.