सतरावा दिवा

धाकटीनं ते पिंप ढकललं तेव्हा सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पत्र्याचं रिकामं पिंप, कमरेइतकं उंच, आदल्या संध्याकाळी रंगाऱ्यानं लाल ऑइलपेंटचा ताजा हात दिलेला. रंग अजून चिकट होता. दोन्ही तळवे, कुर्त्याची पुढची बाजू, अगदी हनुवटीसुद्धा लाल झाली. पुसायचा प्रयत्नही तिनं केला नाही. लागू दे म्हणाली, चांगला लागू दे.

पिंप म्हणजे शर्यतीचं वळण. मैदानातून निघायचं, कालव्यावरचा पूल ओलांडायचा, पिंपाला वळसा घालून आल्या वाटेनं परत. जाऊन येऊन बरोबर दहा मैल. पिंप कुठे ठेवायचं ते क्लबच्या कागदावर लिहिलेलं असे: पुलानंतरचा सतरावा दिवा. आता यात चुकण्यासारखं काय आहे? पण पुलाला लागूनच एक खांब आहे, त्यावर नुसती विजेची पेटी आहे, दिवा नाही. दिव्यांऐवजी खांब मोजत गेलं की माणूस एक खांब अलीकडेच थांबतो. पस्तीस मीटर जाताना, पस्तीस येताना. सत्तर मीटर शर्यत कमी.

ही चूक अकरा वर्षांपूर्वी भावजींनी केली. भावजी म्हणजे धाकटीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, क्लबचा सेक्रेटरी. चूक माणसाकडून होते, त्याबद्दल धाकटीचं काही म्हणणं नव्हतं. पुढे त्यांनी जे केलं, त्याबद्दल होतं.

धाकटी शिवणकाम करते. दुपारभर पडदे, गणवेश, उसवलेल्या चेन. आणि पहाटे धावणं. पाच किलोमीटरला ती 'सुटलेल्या बसमागची धावाधाव' म्हणायची. मॅरेथॉन म्हणजे नखं काळी करून आठवडाभर जिना उलटं तोंड करून उतरायचा, आणि त्या आठवड्यात गिऱ्हाइकांना काय सांगायचं? दहा मैल मात्र तिच्या मापाचे होते. पहिले तीन मैल अंग सैल करायला, मधले चार नेटानं, आणि शेवटचे तीन असे, की तिथे कोणाचं सोंग टिकत नाही. एवढं करून अकरा वाजता मशीनवर बसता येतं.

पण अशी शर्यत शोधून सापडायची नाही. जिकडे बघावं तिकडे पाच, दहा, एकवीस, बेचाळीस. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर आणि वर त्र्याण्णव मीटर. असला शेपटीवाला आकडा कोणाच्या टी-शर्टावर छापायला बरा दिसतो? दिवसभराच्या प्रवासाच्या टप्प्यात दहा मैलांची शर्यत ही एकच, वर्षातून एकदा. म्हणून इथे जे गेलं ते दुसरीकडे कुठे कमवायची सोय नव्हती.

तिचं तेच गेलं होतं. त्या वर्षी बायकांना अर्धा तास आधी सोडलं. धाकटी एकटी पुढे, मागची बाई पाव मैल मागे. पिंप दिसलं, तिनं वळसा घातला, परत आली. एक तास पाच मिनिटं वीस सेकंद. जुना विक्रम दोन मिनिटांनी मोडला. त्या दिवशी ती घरी चालत आली नाही, तरंगत आली.

भावजी तेव्हा वळणावर एकटेच होते. धाकटी वळून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खांब मोजलेत, दिवे नाहीत. पिंप आणणारा टेम्पो केव्हाच परत गेला होता. त्यांनी एकट्यानं पिंप कवेत घेऊन पुढच्या खांबापाशी नेलं. पुढचे सगळे बरोबर जागी वळले. मग दुसऱ्या आलेल्या बाईच्या घरच्यांनी तक्रार केली, की वळणावर अंतर एकदम वाढलं कसं? चौकशी बसली. भावजींनी लिहून दिलं: पिंप जागचं हललं नाही, क्रमांक सात पिंपाच्या अलीकडूनच वळली.

क्रमांक सात म्हणजे सख्खी मेव्हणी.

फलकावर तिच्या वेळेपुढे 'रद्द' लागलं. गावानं तिला नाव ठेवलं, शॉर्टकट. "ब्लाउज शॉर्टकटच शिवणार ना?" असं विचारून गिऱ्हाइकं हसायची. तीही हसायची, करते काय? पोट त्यांच्यावरच होतं. रात्री मात्र दात ओठ खाऊन झोपायची.

चौकशीच्या आधी दोन दिवस भावजींनी एक पँट आणून टाकली होती. "गुडघ्याला रंग लागलाय, जात नाही. कापून हाफपँट करून टाक." तिनं केली. कोणताही शिंपी कापलेला तुकडा टाकत नाही, तिनंही टाकला नाही. मग 'रद्द'चं पत्र आलं आणि तिनं गाठोडं उपसून ते दोन पाय बाहेर काढले. लाल ऑइलपेंटचा पट्टा, गुडघ्याच्या वरपासून खालपर्यंत, पिंपाच्या कडेचा गोल उमटलेला. ती तडक बहिणीकडे गेली.

ताईनं कापडाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "घरातली गोष्ट आहे गं. ह्यांची सेक्रेटरीकी जाईल. जाऊ दे ना."

"माझी इज्जत गेली ती?"

"तुझं काय, पुढच्या वर्षी परत धावशील."

पुढच्या वर्षी धाकटी एक तास आठमध्ये आली. त्याच्या पुढच्या वर्षी नऊ. पाय काय, वर्षं मोजतातच. आता ती शेहेचाळीसची होती आणि ती पाच मिनिटं वीस सेकंद पुन्हा हाती लागणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

यंदा भावजींनी सभेत जाहीर केलं, की ही शेवटची दहा मैलांची शर्यत. पुढल्या वर्षापासून दहा किलोमीटर. "दहा मैल धावतंय कोण हल्ली? लोकांना ऐकलेलं अंतर लागतं." विक्रमांचा फलक कायमचा रंगवून, काच लावून क्लबात टांगायचा. आणि त्याआधी स्वतः भावजी साठ वर्षांवरच्या गटात विक्रम करणार होते. सहा महिने तयारी चालली होती. म्हणजे काचेमागे वर भावजी आणि खाली 'रद्द', जन्मभर. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच उभी राहून ती म्हणाली, "वळणावर मी थांबते. यंदा गुडघा दुखतोय."

"शाब्बास!" भावजी म्हणाले. "झालं गेलं विसरलीस, बरं केलंस."

तर पिंप. टेम्पोवाल्यांनी ते चोख सतराव्या दिव्याखाली उतरवलं होतं. धाकटीनं ते ढकलत एक खांब अलीकडे आणलं. साठीवरच्यांना अर्धा तास आधी सोडलेलं. सात वाजून दहा मिनिटांनी पुलापलीकडच्या वळणावर भावजी दिसले, एकटे, मागे कोणी नाही. छाती पुढे, घड्याळावर डोळे. त्यांनी खांब मोजले नाहीत. ठेवलेल्या पिंपावर कोण संशय घेतो? तिनं तरी कुठे घेतला होता?

"किती?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"मस्त चाललंय, भावजी! सुटा!"

ते वळले आणि पुलाच्या वळणाआड गेले. धाकटीनं पिंप कवेत घेतलं, उचललं, आपटलं, पुन्हा उचललं आणि सतराव्या दिव्याखाली नेऊन ठेवलं. दुसरे आले ते निवृत्त पोस्टमन. ते बरोबर जागी वळले. त्यांच्यानंतरचे सगळेच वळले. मग तिनं वहीत लिहिलं, अकरा वर्षं पाठ असलेलं वाक्य, क्रमांक सोडला तर एक शब्द इकडेतिकडे नाही: पिंप जागचं हललं नाही, क्रमांक एक पिंपाच्या अलीकडूनच वळला.

मैदानात ती पोचली तेव्हा भावजींच्या गळ्यात हार होता. एक तास अठरा मिनिटं, विक्रम. ताई टेबलाशी वेळा लिहीत बसली होती, दरवर्षीसारखी. शेजारी पंच, माइक हातात घेऊन. धाकटीनं वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं, आणि माइक चालू आहे हे विसरून म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही अलीकडून वळलात म्हणे?"

सगळं मैदान वळून बघायला लागलं.

"काय?" भावजींचा आवाज चिरकला. "पिंपाला वळसा घालून आलोय मी! खोटं आहे हे! पिंप... पिंप नंतर हलवलंय!"

"असं कसं होईल, भावजी?" धाकटी म्हणाली. "पिंप हलतं होय कधी? तुम्हीच लिहून दिलंय. क्लबात अजून कागद आहे."

"हिचे हात बघा! कपडे बघा हिचे! रंगानं भरलेत!"

"बघा ना." तिनं दोन्ही तळवे वर केले, सगळ्यांना दिसतील असे. "पिंप एकट्यानं हलवलं की असा रंग लागतो. आणि आता हेही बघा." तिनं पिशवीतून पँटचे ते दोन कापलेले पाय काढले आणि ताईच्या पुढ्यात टेबलावर पसरले. रंग काळपट पडला होता, पण गोल तसाच.

पंचांनी तिच्या कुर्त्याकडे पाहिलं, मग कापडाकडे. कोणाला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही.

"अगं, पिंप रंगवताना लागला असेल," भावजी घाईघाईनं म्हणाले. "तू तरी सांग यांना!" हे ताईला होतं.

ताईनं त्या कापडावरून बोट फिरवलं. अकरा वर्षं धाकटीनं भावजींवर दात धरला होता, पण रडली असेल तर ती ताईवर. आज पुन्हा हिनं नजर खाली घातली, तर फलक गेला खड्ड्यात, बहीण गेली.

"पिंप रंगाऱ्यानं रंगवलं होतं," ताई म्हणाली. माइक जवळच होता. "हे तेव्हा घरी होते. सकाळी रंगून आले आणि मला म्हणाले, कुणाला बोलू नकोस. नाही बोलले मी. चुकलंच माझं."

भावजींनी गळ्यातला हार काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून उभे राहिले. पंचांनी माइक त्यांच्या तोंडापुढे नेला. मग ते म्हणाले, "मीच हलवलं होतं. ती बरोबर वळली होती."

पाठीमागून पोस्टमननं मोठ्यानं टाळी वाजवली. नंतर बऱ्याच वाजल्या. धाकटीनं त्या सगळ्या ऐकून घेतल्या, एकही सोडली नाही.

"हिच्या वेगानं सत्तर मीटर म्हणजे सतरा सेकंद," पंच म्हणाले. "तेवढे मिळवले तरी विक्रम हिचाच राहतो. फलकावर 'रद्द' खोडायचं. बाई, यंदा पिंप तुम्ही हलवलंत, आमच्या शर्यतीत तुम्हाला पुन्हा वळणावर उभं करणार नाही."

"शर्यतच कुठे उरलीय?" धाकटी म्हणाली.

ताईनं जुनी वही उघडली, 'रद्द'वर रेघ मारली आणि एक तास पाच मिनिटं वीस सेकंद पुन्हा लिहिलं. खाली 'अधिक सतरा' लिहिलं. मग तिनं आजचं पान काढलं आणि नवऱ्याच्या नावावर पेन टेकवून धाकटीकडे पाहिलं.

"आणि ह्यांची वेळ? ह्यांनाही वीसेक सेकंद मिळवून लावायची का? तेवढ्यानं विक्रम राहतो ह्यांचा."

भावजींनी मान वर केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते धाकटीकडून काही मागत होते.

धाकटीनं लाल हातांनी त्या कापडाची व्यवस्थित घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"रद्द," ती म्हणाली. "पट्टी घे ताई, रेघ सरळ येऊ दे."

ताईनं पट्टी घेतली.