मोडक्या सुयांची डबी

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळका आहे. माझ्या वयाची यंत्रे आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात. मला ते जमत नाही. कुणाचे बरे झाले की माझ्या पोटात दुखते, आणि माझे पोट लोखंडाचे असल्यामुळे ते दुखणे लवकर थांबत नाही.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. कुणी मला घासले, कुणी काळा रंग दिला, कुणी माझ्या अंगावर सोनेरी वेल काढली. शेजारच्या मशीनची वेल माझ्या वेलीपेक्षा लांब होती. हे मी अजून विसरलेले नाही.

तिथून मी शर्टांच्या कारखान्यात आले. लांबलचक खोली, वर पत्रा, उंच खिडक्या आणि खिडक्यांखाली आम्हा मशिनींची रांग. कुणाकडे बाह्या होत्या, कुणाकडे खिसे, कुणाकडे काजे. माझ्याकडे कॉलर आली. कॉलरची दोन टोके सारखी आली नाहीत तर मोठा शहाणा माणूससुद्धा वेंधळा दिसतो, त्यामुळे हे काम ऐऱ्यागैऱ्याचे नाही. माझ्यासमोर बसत त्या मावशी. जाड भिंगांचा चष्मा, आवाज मोठा, हात हलका. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणे, मालकसुद्धा. मला त्या राणी म्हणत. "काय गं राणी, आज कुरकुर कसली?" असे विचारून तेलाचे दोन थेंब सोडत, आणि मी गप्प होई.

तरी मी जळतच असे. शर्ट पुरा झाला की त्याला इस्त्री होई आणि मालक तो उचलून म्हणत, "वा, काय इस्त्री आहे!" कॉलर मी शिवायची आणि कौतुक त्या गरम डोक्याच्या इस्त्रीचे! मिस्त्रीकाका आम्हा मशिनींचे डॉक्टर होते. मी उगाच दोरा तोडू लागले की ते मला उघडून बघत आणि म्हणत, "हिला काही झालेलं नाही. शेजारणीला नवा पट्टा घातला ना, तो हिला सोसत नाही."

आमच्या कारखान्याची एक रीत होती. सुई मोडली की ती मशीन बंद. बाईने उठायचे, दोरीला बांधलेले लोहचुंबक घ्यायचे आणि टेबलाखाली, कापडात, फटीत मोडका तुकडा शोधायचा. सगळे तुकडे जुळवून अख्खी सुई झाली, तरच नवी सुई मिळे. ते तुकडे मग एका पत्र्याच्या डबीत जात. ही डबी माझ्याच खणात असे, कारण मावशी सगळ्यांत जुन्या. "हा शर्ट कुणाच्या तरी लेकराच्या अंगात जाणार आहे," त्या म्हणत. "टोक आत राहिलं तर ते लेकरू कुणाला सांगणार?" माझी सुई मोडली की आसपासच्या बाया जमत, वाकून शोधत, एकमेकींची थट्टा करत. तेवढा वेळ सगळ्यांचे लक्ष माझ्याकडे असे. खरे सांगू? मला ते फार आवडे.

मग एक करार झाला. मित्रांनो, करार म्हणजे दोन देशांनी ठरवलेली गोष्ट. आमच्या सरकारने आणि दूरच्या एका देशाने ठरवले, की तुमचा माल आमच्याकडे येऊ द्या, आमचा तुमच्याकडे जाऊ द्या, सीमेवरचा कर दोघांनीही माफ करायचा. ऐकायला किती छान! आमच्या समोरच्या पाण्याच्या पंपांच्या कारखान्याला तर सोन्याचे दिवस आले. त्यांचे पंप तिकडे जाऊ लागले, फाटकावर "कामगार पाहिजेत" अशी पाटी लागली, भिंतींना नवा रंग आला. मी खिडकीतून तो रंग बघत असे आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई.

आमच्याकडे मात्र तिकडचे शर्ट आले. एके दिवशी आमचा माल घेणारा दुकानदार आला आणि त्याने असा एक शर्ट माझ्याच टेबलावर टाकला. "मालक, हा शिवून, बोटीत बसून, इथपर्यंत येऊन तुमच्या शर्टाच्या निम्म्या भावात पडतो. आता मी काय करू ते सांगा."

मालकांनी शर्ट उलटा केला. मावशींनी कॉलर चष्म्याजवळ नेली. मी वाट बघत होते, की आता मावशी नाक मुरडतील. पण त्या म्हणाल्या, "टाका सरळ आहे हो."

टाका सरळ आहे! माझ्या मावशी, माझ्यासमोर बसून, दुसरीचे कौतुक करत होत्या. त्या क्षणापासून ती दूरदेशीची मशीन माझी सवत झाली. मी तिला कधी पाहिले नव्हते, तरी रोज पाण्यात पाहू लागले. ती दिसायला कशी असेल? तिच्यावर वेल असेल का? तिच्याकडे म्हणे दिवसरात्र काम असते, कापडाचे ढीग लागलेले असतात. आणि मला एकच भीती होती, की तिच्यापायी माझ्या मावशी माझ्यासमोरून कायमच्या उठतील.

ती भीती खोटी नव्हती. आधी बाह्यांची रांग बंद झाली, मग खिशांची. पंपाच्या कारखान्याने आमच्यातली तरणी माणसे घेतली. मावशीही विचारून आल्या. तिथल्या साहेबांनी त्यांचा चष्मा पाहिला आणि नम्रपणे दार दाखवले.

मालक हट्टाला पेटले. शाळेच्या गणवेशांचे एक काम हातात होते. ते त्या परदेशी भावात करून दाखवायचे, म्हणजे कारखाना टिकेल, असे त्यांनी ठरवले. चहाची सुट्टी अर्धी झाली. मग ते म्हणाले, "आजपासून सुई मोडली तर शोधाशोध नाही. नवी लावायची आणि पुढे चालायचं. तिकडे कुणी शोधत बसत नाही, म्हणून तर ते आपल्या पुढे आहेत."

आणि त्याच दिवशी माझी सुई मोडली. कॉलरच्या जाड टोकावर, कट् असा आवाज झाला. मावशींनी बटण बंद केले आणि त्या उठल्या.

"मावशी, बसा," मालक म्हणाले.

"टोक सापडलं की बसते."

"अहो, कारखाना बुडतोय आणि तुम्ही सुईचं टोक शोधताय?"

"मालक, हा शर्ट तुमच्या नातीच्या अंगात घालाल?"

खोलीतल्या उरलेल्या सगळ्या मशिनी एकेक करून थांबल्या. मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मग त्यांनी पँट गुडघ्यापाशी जराशी वर ओढली आणि ते खाली बसले, माझ्या टेबलाखाली. टोक त्यांनाच सापडले, त्यांच्याच बुटाच्या तळव्यात रुतलेले. त्यांनी ते मावशींच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "घ्या. तुमची रीत काही मोडायची नाही."

खरेपणाला बक्षीस मिळते, असे तुम्ही धड्यांत वाचले असेल. आम्हाला मिळाले नाही. गणवेशाचे ते काम संपले आणि पुढचे सवतीकडे गेले. कारखान्याला कुलूप लागायच्या दिवशी भंगारवाल्याचा टेंपो आला. ती लांब वेलीची शेजारीणही, जिच्यावर मी जन्मभर जळले, दोरखंडाने आवळून चढवली गेली. तिला जाताना पाहून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. माझ्यापर्यंत हमाल आले तेव्हा मालक म्हणाले, "हिला राहू द्या. मावशी, ही दुसऱ्या कुणाच्या हाताला वळायची नाही. घेऊन जा."

आता आम्ही दोघी एका जिन्याखालच्या खोलीत असतो. वर माणसे चढली-उतरली की धूळ पडते, म्हणून मावशी माझ्यावर जुनी चादर घालतात. बाहेर पाटी आहे, "कपडे दुरुस्त करून मिळतील". सुटलेली शिवण, तुटलेली चेन, लांब झालेली पँट. आणि दुरुस्तीला येते कोण? सगळे परदेशी शर्ट! म्हणजे बघा, सवतीने माझे घर घेतले आणि वर तिची पोरे मी सांभाळायची. पहिले काही दिवस मी इतके दोरे तोडले, की मिस्त्रीकाका, जे आता पंपाच्या कारखान्यात आहेत, मुद्दाम बघायला आले. "तोच जुना आजार," ते म्हणाले.

परवा एक आई आपल्या मुलीचा शाळेचा शर्ट घेऊन आली. "सकाळपासून मान खाजवतेय. मी म्हटलं, शाळा बुडवायची नाटकं. पण मान लाल झालीय हो."

मावशींनी कॉलर चाचपली, शिवण उसवली, आतला थर उघडला आणि चिमट्याने काहीतरी बाहेर काढले. सुईचे टोक होते.

मित्रांनो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! सापडली, सवत सापडली! आता मावशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलतील, की पाहा, आमच्या राणीने असे कधी केले नसते.

पण मावशी ती कॉलर दिव्याखाली धरून बसल्या. जिथे सुई मोडली होती, तिथून पुढचा टाका लगेच सुरू झाला होता. कुणी थांबले नव्हते. आतल्या पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग होता. रक्ताचा डाग मावशींना ओळखू येतो. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"सुई बोटात गेली होती हिच्या," त्या म्हणाल्या. "तरी उठू दिलं नाही बघा."

"कुणाच्या?" त्या आईने विचारले.

"जिनं शिवला तिच्या."

मग त्यांनी माझा खण उघडला, पत्र्याची डबी काढली आणि ते टोक आमच्या तुकड्यांत टाकले. माझ्या डबीत! त्या दिवशी मी तीनदा दोरा तोडला. मावशी हसल्या. "पुरे झालं राणी," म्हणाल्या.

पण तेव्हापासून खणात ते टोक हलले, की मला तिचा विचार येतो. तिच्याकडे कापडाचे ढीग असतील. पण तिचे बटण बंद करून "टोक सापडलं की बसते" असे म्हणायची सोय तिच्या मावशींना नाही. तिच्या टेबलाखाली कोणी मालक गुडघ्यावर बसत नाही. ती स्वस्त का पडते, ते मला आता कळले आहे. माझ्या मावशींची जागा तिच्या सरळ टाक्याने नेली नाही. तिला थांबू देत नाहीत, त्याने नेली.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. नवा शर्ट घेताना नुसता भाव विचारू नका. तो उलटा करा आणि शिवणीवरून बोट फिरवा, कारण तिथे कुणाचे तरी बोट आधी फिरलेले असते. तुमच्यातले काहीजण उद्या मोठे होऊन देशादेशांचे करार लिहायला बसतील. पंपांचे लिहा, शर्टांचे लिहा, कर खुशाल माफ करा. फक्त त्यात माझ्यासाठी एक ओळ घाला, की सुई मोडली तर दोन्हीकडे मशीन थांबेल, आणि तुकडा सापडेपर्यंत बाईला कुणी बसवणार नाही.

तेवढे करा, आणि मग लावा आमची शर्यत. माझा जळका स्वभाव काही जायचा नाही, पण मग हरले तरी मी दोरा तोडणार नाही.