तुपाचं मोहन

"पारूआजी, माझा गोळा सगळ्यात छोटा आहे," पियूषने तक्रार केली.

"छोटा लवकर भाजते गा. सगळ्यांच्या आधी तूच खाशीन," पार्वतीबाई म्हणाल्या आणि त्याच्या डोक्यावर मैद्याचं एक बोट टेकवून त्यांनी पुढचा गोळा तोडला. कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ झाली होती. अशी कणीक जमली की त्यांचा चेहरा आपोआप उजळायचा, आणि आज तर वाढदिवस होता.

प्रताप नगरातल्या मायाताईंच्या पाळणाघरात चिन्मयी सहा वर्षांची होत होती. तिला दूध सोसत नसे. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला सगळी मुलं केकभोवती गोळा व्हायची आणि ही आपला डबा घेऊन व्हरांड्यात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायची. रडायची नाही, आणि तेच पाळणाघरात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीबाईंना बघवत नसे. म्हणून यंदा मायाताईंनी ठरवलं होतं की मुलांनीच फळांच्या पेस्ट्री करायच्या. दूध नाही, अंडं नाही. आत संत्र्याचा गर आणि सफरचंद. एकच पदार्थ, सगळ्यांनी खायचा. पार्वतीबाईंच्या लेखी ती भाजलेली करंजीच होती, पण पोरं पेस्ट्री म्हणतात तर म्हणोत बापडी.

चिन्मयीची आई नूपुर मात्र खांद्यावरची पर्स न उतरवता ओट्याशी उभी होती. पर्समध्ये ॲलर्जीचं इंजेक्शन होतं. मैद्याच्या पुड्यावरची बारीक अक्षरं तिने वाचली होती, ओव्हनचा ट्रे स्वतः घासला होता. आता ती लेकीला ॲप्रन बांधत होती आणि गाठ काही केल्या मनासारखी बसत नव्हती.

"मागच्या महिन्यात लग्नाला गेलो होतो, मायाताई," ती म्हणाली. "वरणावर तूप वाढलेलं मला दिसलंच नाही. दोन घासांत हिचे ओठ सुजले, श्वास घेता येईना. धंतोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता."

"तुपानं?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"तूप म्हणजे दुधाचंच की, मावशी."

पार्वतीबाईंचा हात परातीतच थांबला.

दूध नाही, हे त्यांना बजावलं होतं आणि त्यांनी ते पाळलं होतं. दूध, दही, लोणी, कशालाही हात लावला नव्हता. पण तूप? ते त्यांनी दुधात कधी धरलंच नव्हतं. बाळंतिणीला तूप द्यायचं, तापातून उठलेल्या पोराच्या मऊ भातावर तूप घालायचं. उभ्या आयुष्यात तुपाने कुणाचं वाईट झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. मायाताईंनी मोहनासाठी तेलाची बाटली काढून दिली होती, पण वाढदिवसाच्या पोरीला तेलाचं मोहन घालायचं त्यांच्या जिवावर आलं. महाल भागातल्या आपल्या खोलीत आठवडाभर साय साठवून त्यांनी काल तूप कढवलं होतं. थंडीने ते डबीत गोठलं होतं. मायाताई मुलांचे हात धुवायला गेल्या आणि नूपुर मोरीत ट्रे घासत होती, तेव्हा त्यांनी ते कडकडीत करून मैद्यात ओतलं. शेजारच्या शेगडीवर संत्र्याची साल उकळत होती, त्यामुळे वास कुणालाच आला नाही. सांगितलं नाही, कारण पेस्ट्री खुसखुशीत झाल्यावर सगळे विचारतील आणि मग सांगू, अशी त्यांची भाबडी हौस होती.

आता त्याच कणकेत साऱ्या मुलांचे हात माखले होते.

परात पाडावी. हा विचार त्यांच्या मनात इतका चटकन आला की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. हात निसटला म्हणायचं, म्हातारीचं वय झालं म्हणायचं. मायाताई हसतील, नवा मैदा काढतील. कुणाला काही कळणार नाही. पाळणाघर सुटलं तर दिवसभर त्या खोलीत भिंतींकडे बघत बसावं लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून या पोरांच्या आजी म्हणण्यावरच त्यांचे दिवस ढकलले जात होते. त्यांनी परातीची कड पकडलीसुद्धा.

"चिनू, चव बघ," पियूष म्हणाला. त्याने कणकेची बारीक गोळी केली होती आणि ती तो चिन्मयीच्या तळहातावर ठेवत होता. चिन्मयीने हात तोंडाकडे नेला.

पार्वतीबाईंनी झेप घेऊन तिचं मनगट धरलं. गोळी खाली पडली.

"नको खाऊ, पोरी! तूप हाये त्याच्यात!"



"काय म्हणालात?" नूपुरने विचारलं.

"तेल नाही टाकलं म्या. घरचं तूप टाकलं. मले दूध नको म्हणून सांगतलं होतं... तूप बी दुधातच येते, हे मले नाही समजलं."

"काहून टाकलं वं मावशी? काहून?" नूपुरचा आवाज फाटला. तिने चिन्मयीला उचललं, नळाखाली तिचे हात धरले, तोंड उघडून जीभ बघितली. "खाल्लंस का? खरं सांग, पिल्लू. थोडंसं तरी खाल्लंस?"

"नाही ग आई."

मायाताईंनी बाकीच्या मुलांना बाहेर नेलं. नूपुरने लेकीला औषध पाजलं, इंजेक्शन हातात धरलं आणि तिच्या ओठांवरची नजर हलवली नाही. ओठ तसेच राहिले. पण मनगट लाल होऊ लागलं. आधी नुसती लाली होती, मग गांधी उठल्या. एकाशेजारी एक, चार लांबट पट्टे.

पार्वतीबाईंनी ते पाहिलं. ती त्यांची बोटं होती. तुपाचा हात पोरीला लागला होता, आणि तोही वाचवताना. त्यांनी दोन्ही हात पदराखाली लपवले. देवाचं नाव घ्यायला हात जोडायचेही त्यांना सुचेना.

नूपुर डॉक्टरांशी फोनवर बोलली. श्वास नीट आहे, ओठ नीट आहेत, सूज वर चढत नाही. फोन ठेवल्यावर चिन्मयीने विचारलं, "आई, मग आता माझा वाढदिवस नाही?"

नूपुरने डोळे पुसले. "आहे ना. आपण परत करू. तेलाचं." मग पार्वतीबाईंकडे न बघता ती म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर बसा."

पार्वतीबाईंनी मोरीत साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि त्या व्हरांड्यात खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. ती चिन्मयीची खुर्ची होती, हे बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आतून भांडी घासल्याचा आवाज आला, मग लाटण्याचा, मग मुलांचा. मायाताई एकदा बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, उद्या येऊ नका. बाकीच्या आयांशी बोलते आणि फोन करते."

"बरं," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांना राग आला नाही. आपणही हेच केलं असतं, असं त्यांना वाटलं, आणि त्यामुळे जास्तच रडू आलं.

आत वाढदिवसाचं गाणं झालं, टाळ्या झाल्या. थोड्या वेळाने दार उघडलं आणि चिन्मयी ताटली घेऊन बाहेर आली. ताटलीत दोन वेड्यावाकड्या पेस्ट्री होत्या. एकीचं तोंड उघडून संत्र्याचा पाक बाहेर आला होता.

"तू आत जा वं माय. सारे तुह्यासाठी जमले ना आत."

"सगळ्यांनी तेच खाल्लं, आजी. मी पण खाल्लं." तिने शेजारचं स्टूल ओढलं, जरा अंतर ठेवून बसली आणि ताटली मध्ये ठेवली. "आता तुझ्याजवळ बसते. बाजूला बसायची मला सवय आहे."

पार्वतीबाईंनी पदराखालचे हात बाहेर काढले नाहीत.

"घे ना."

"माह्ये हात नको लागू दे ताटलीले."

चिन्मयीने थोडा विचार केला. मग तिने पेस्ट्रीचं एक टोक धरलं आणि दुसरं पुढे केलं. "मग आ कर."

पार्वतीबाईंनी मान लांब केली आणि पोरीच्या बोटांना ओठ लागू नयेत म्हणून तोंड मोठ्ठं उघडलं. पेस्ट्री कडक झाली होती, कडेला कच्ची राहिली होती. डोळ्यांसमोरच ते इवलंसं मनगट होतं. त्यावरचे चार पट्टे आता फिकट झाले होते, पण अजून दिसत होते.

"कशी झाली?"

"मस्त झाली," पार्वतीबाई म्हणाल्या आणि चावत राहिल्या.