प्लॅस्टिकवर अंथरलेली चादर

मी एक जुनी चादर आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे किती, तर मला उजेडासमोर धरले की पलीकडचे दिसते, आणि माझी किनार एके काळी निळी होती हे आता सांगावे लागते. चादरीला तिची कहाणी कुणी विचारत नाही. तेव्हा मीच सांगायला बसले आहे. तिच्यात फुशारकी थोडी आणि दुःख जरा जास्त आहे.

माझा जन्म मागावर झाला. अंगात निव्वळ सूत, दुसरी भेसळ नाही. मला विणणारी बाई कमी बोलायची, पण शेजारच्या मागावरच्या बाईला एकदा म्हणाली, "वीण फार घट्ट ठोकू नकोस गं. वाऱ्याला जायला वाट ठेव." मला तेव्हा तो अपमान वाटला होता. दुकानात जाड आणि गच्च विणीच्या चादरींना मान असे, आणि मी घडीतसुद्धा अशक्त दिसत असे. गिऱ्हाईक मला बाजूला सारून खालची चादर काढायचे.

शेवटी एका ड्रायव्हरताईने मला उचलले. ती रुग्णवाहिका चालवायची, तीही रात्रपाळीला. दिवस उजाडला की घरी येऊन, आंघोळ करून, पडदे ओढून झोपायची. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर नुसती गच्ची. दुपारी छत असे तापायचे की भिंतीला हात लावला तरी कळायचे. त्यात तिचा पिंडच उष्ण. थंडीतही पांघरुणाबाहेर पाय काढून झोपणारी बाई ती. दुकानात तिने मला कुरवाळून पाहिले नाही. तोंडावर धरून माझ्यातून श्वास घेतला. दुकानदाराला हसू आले.

"हिच्यातून श्वास येतो," ती म्हणाली. "हीच द्या."

तिच्या पलंगावर कापसाची जुनी गादी होती. तिच्यावर मला अंथरले आणि माझी नोकरी सुरू झाली. तुम्हाला वाटत असेल की चादर गारवा देते. नाही हो. गारवा आमच्याजवळ कुठून असणार? आम्ही घाम टिपतो, तो अंगभर पसरवतो आणि वाऱ्याच्या हवाली करतो. उष्णतेला वाट सोडतो, एवढेच. पण तेवढ्यावर ती बाई दुपारभर गाढ झोपायची आणि संध्याकाळी ताजीतवानी होऊन गाडीची चावी उचलायची. "हिच्यावर पडलं की डोळा लागतो," असे ती चारचौघांत सांगायची. मी हुरळून जायचे.

त्या घरात आणखी तिघे होते. तिचे यजमान घड्याळे दुरुस्त करायचे. त्यांना सगळे बाबा म्हणत. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, घरचे धुणेभांडे बघायची. आणि एक मुलगी, तेव्हा अजून शिकणारी. बाबांचा एक हट्ट होता. नवी वस्तू नवीच राहिली पाहिजे. टीव्हीचा रिमोट पिशवीत, खुर्च्यांना आवरण, चष्म्याच्या घरालाही एक घर. मुलगी म्हणायची, "बाबा एक दिवस मलाही झाकून ठेवतील." बाबाही हसायचे, पण आवरण काही निघायचे नाही.

काही वर्षांनी त्या कापसाच्या गादीत गोळे झाले. ड्रायव्हरताईची पाठ धरू लागली. मग जाड स्पंजची नवी गादी आली आणि जुनी माळ्यावर गेली. नव्या गादीवर दुकानातले जाड प्लॅस्टिक चढवलेले होते. ताई ते फाडायला गेली, तर बाबांनी तिचा हात धरला.

"राहू दे गं. डाग पडला की गेली कामातून. वरून चादर आहेच की."

वरची चादर म्हणजे मी. पहिल्याच दुपारी मला कळून चुकले की आता माझे काही खरे नाही. मी घाम टिपून खाली द्यायला जावे, तर खाली दार बंद. वर तिचे तापलेले अंग, खाली तापलेले प्लॅस्टिक, आणि मध्ये मी ओलीचिंब. ती कूस बदलायची, की खालून करकर आवाज यायचा. मी घसरायचे, म्हणून बाबांनी माझे कोपरे चिमट्यांनी आवळले. मला ओरडून सांगावेसे वाटे, "अहो, ते प्लॅस्टिक काढा!" पण चादरीला तोंड कुठे असते?

तिची झोप उडाली. घरच्यांनी काळजी केली नाही असे मात्र म्हणू नका. आत्याने मला धुताना कपडे मऊ करणारे सुगंधी पाणी घातले. तिचा जीव चांगला, पण त्या पाण्याचा माझ्या धाग्यांवर बुळबुळीत थर बसला आणि मी घाम टिपायचेही विसरले. बाबांनी दुसरा पंखा लावला, तो तापलेली हवाच फिरवत राहिला. ओल मुरून माझ्या पाठीवर काळे ठिपके पडले, तेव्हा आत्याने निकाल दिला. "या सुती चादरीतच खोट आहे. वाळतच नाही मेली." करून सवरून नामानिराळे राहिले ते प्लॅस्टिक, आणि आळ आला माझ्यावर.

तोवर नोकरीला लागलेल्या मुलीने पहिल्या पगारातून गुळगुळीत, चमकदार चादर आणली. दुकानात तिने हात फिरवला तेव्हा ती बर्फासारखी लागली म्हणे. हाताला लागलीही असेल. पण हात क्षणभर टेकतो, अंग दुपारभर टेकते, हे त्या पोरीला कोण सांगणार? ती चादर कृत्रिम धाग्याची होती, घामाचा एक थेंब पोटात घेईना. मला त्याच खोलीतल्या शिवणयंत्रावर पांघरले होते. मी तिथून बघत राहिले. मला मत्सर वाटत होता, पण ताईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहिली की तोही वाटेनासा व्हायचा.

मग एका सकाळी ती उशिरा घरी आली आणि पलंगाच्या कडेवर नुसती बसून राहिली. आत्याने चहा आणला.

"वन्सं, माझा डोळा लागला," ताई म्हणाली. "गाडी फुटपाथवर चढली. खांबाला घासली."

"अगं बाई! कुणाला लागलं का?"

"नाही. गाडी रिकामी होती म्हणून. आत पेशंट असता तर?"

साहेबांनी तिला नुसती समज दिली होती, पण तिने स्वतःच ठरवले. झोप होत नाही तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. चावी परत करायची आणि टेबलावरचे काम मागायचे. मुलगी रडली. कारण त्या गाडीत आईचा जीव किती होता, हे तिला माहीत होते.

बाबा मात्र म्हणाले, "मला तर याच गादीवर छान झोप लागते."

"तुम्ही रात्री झोपता, अहो. खिडकी उघडी असते, आणि तुमचं अंग मुळात थंड," ताई म्हणाली. "एकदा दुपारी पडून बघा माझ्या जागेवर." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते बाबांना जास्त लागले असावे.

दुसऱ्या दिवशी ती चावी द्यायला गेली. भरदुपारी बाबा दुकान बंद करून घरी आले. असे ते कधी करत नसत. चप्पल काढली, पडदे ओढले आणि तिच्या जागेवर, तिच्यासारखेच भिंतीकडे तोंड करून पडले. मी शिवणयंत्रावरून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी कूस बदलली. करकर वाजले. पुन्हा बदलली. मग उशी उलटी केली, पाय बाहेर काढले, कॉलर सैल केली. शेवटी उठून बसले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी ती चमकदार चादर वर केली. खाली प्लॅस्टिकवर पाण्याचे थेंब उभे होते.

बाबा त्या थेंबांकडे बघत राहिले. काचेआत ओल धरलेली घड्याळे त्यांच्या हाताखाली रोज येत, आणि अशा घड्याळाचे पुढे काय होते ते त्यांना चांगले ठाऊक होते. "मीच केलं हे," ते मोठ्याने म्हणाले. खोलीत ऐकायला मी एकटीच होते.

त्यांनी फोन लावला. "चावी दिलीस का?"

"साहेब जेवायला गेलेत. बाहेर बाकावर बसलेय."

"मग देऊ नकोस. घरी ये."

"अहो, पण झालं काय?"

"ये तू. सांगतो."

आणि मित्रांनो, ज्या माणसाने आयुष्यात रिमोटची पिशवी काढली नव्हती, त्याने हातांनी ते प्लॅस्टिक टराटरा फाडले. गादी भिंतीला उभी करून वाऱ्यावर धरली. माळ्यावर चढून कापसाची जुनी गादी काढली, तिचे गोळे बोटांनी मोकळे केले आणि ती स्पंजवर पसरली. मग माझ्याकडे वळले. बादलीत साधे पाणी घेऊन मला पुन्हा पुन्हा खळबळले, सुगंधाचा वास जाईपर्यंत. गच्चीवर नेऊन वाळत टाकले. दुपारच्या त्या वाऱ्यात मी किती दिवसांनी फडफडले! वाळताच त्यांनी मला खाली आणून त्या कापसावर अंथरले.

ताई आली तेव्हा फाटक्या प्लॅस्टिकच्या ढिगाऱ्यात बाबा घामाघूम होऊन बसले होते. तिने त्यांच्याकडे पाहिले, मग गादीकडे पाहिले. माझ्यावर आडवी झाली. तिचा घाम मी टिपला, खाली कापसाला दिला, वर वाऱ्याला दिला. छत तसेच तापलेले होते, ऊनही तेच होते. पण तिचा श्वास हळूहळू लांब होत गेला. बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आत्या भांडी घासायला निघाली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवले.

ती संध्याकाळपर्यंत झोपली. त्या दिवशी ती कामावर गेली नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. झोपेची थकबाकी बरीच होती. ती फिटल्यावरच तिने चावी पुन्हा उचलली, आणि पुढे केस पिकेपर्यंत तीच गाडी चालवली.

आता माझ्या मधोमध विरून फट पडली आहे. माझे काय करायचे ते आत्या ठरवील. उशीची खोळ केली तर आवडेल, पुसणे केले तरी तक्रार नाही. पण तुम्हाला एक विनवणी करते. उकडणाऱ्या माणसाला हाताला गार लागणारी चादर नका घेऊ, तिच्यातून श्वास घेऊन बघा. आम्हाला साध्या पाण्यात धुवा, मोकळ्या हवेत वाळवा, आणि आमच्या खालची वाट बंद करू नका.

आणि आणखी एक. त्या घरात तिच्यासाठी कुणी पंखा आणला, कुणी सुगंध आणला, कुणी पहिल्या पगाराची चादर आणली. तिघांचीही माया खरी होती. तरी तिला झोप लागली नाही. तुमच्या घरात कुणी झोप येत नाही म्हणाले, मित्रांनो, तर आधी काही आणायला धावू नका. त्यांच्या जागेवर, त्यांच्या वेळेला, जरा आडवे होऊन बघा.